पाळी गेल्यावर ‘पुरुषी’ हॉर्मोन : कोणाला, कशाला आणि किती?

मागच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दवाखान्यात मायलेकी आल्या. आई चव्वेचाळीस वर्षांची, लेक पुण्याला नोकरीला. लेकीने बसता बसताच मोबाईल पुढे केला. “डॉक्टर, पाळी गेल्यावर बायकांच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, असं यात लिहिलंय. परदेशात बायका ते घेतात. आईला त्याचं इंजेक्शन देता येईल का?” आई खाली मान घालून बसली होती. काय होते म्हणून विचारले, तर म्हणाली, “काही नाही हो, अंगात राम राहिला नाही. कशात मन लागत नाही.”

आमच्या भागात ‘कशात मन लागत नाही’ या चार शब्दांत पुष्कळ काही बसते. रक्त कमी असणे, थायरॉईड, झोप न होणे, सुनेशी न पटणे आणि जे बोलायचे नाही तेही. मी लेकीला केसपेपर काढायला बाहेर पाठवले. मग बाई हळूच म्हणाल्या, “मालकांना वाटतं माझं मन उडालं. तसं नाही. पण ते जवळ आले की नको वाटतं. आधी असं नव्हतं.”

पाळी कधी गेली, असे विचारल्यावर उत्तर आले, “गेली नाही, पिशवी काढली. सहा वर्षं झाली.” पिशवीबरोबर अंडाशयही काढले का? “ते नाही माहीत. पिशवी काढली एवढंच माहीत.”

आजचा लेख लेकीच्या त्या प्रश्नासाठी आणि आईच्या या उत्तरासाठी आहे. विषय थोडा संकोचाचा आहे. हे पान घरातले सगळेच वाचतात याची मला कल्पना आहे. पण गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणींनी आडून आडून विचारला, की आता उघडपणे लिहिलेले बरे.

नाव पुरुषी, घर दोघांचे

टेस्टोस्टेरॉनला ‘पुरुषी हॉर्मोन’ म्हणायची पद्धत पडली ती त्याच्या शोधाच्या इतिहासामुळे. जर्मनीतील बुटेनांट या शास्त्रज्ञाने १९३१ साली या जातीचे पहिले हॉर्मोन वेगळे केले ते बर्लिनमधील पोलिसांच्या पंधरा हजार लिटर लघवीतून, आणि हाती लागले अवघे पंधरा मिलिग्रॅम. पुढे १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये लाक्योर यांच्या प्रयोगशाळेत बैलांच्या वृषणांतून प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन मिळाले. त्याच वर्षी ते कृत्रिमरीत्या तयारही झाले आणि १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. पोलीस आणि बैल यांच्यापासून निघालेल्या वस्तूला पुरुषी नाव पडले यात नवल नाही.

पण हे हॉर्मोन बायकांच्या शरीरातही जन्मभर असते. पुरुषांच्या मानाने ते खूपच कमी असते. पुरुषांच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरला साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम, तर बायकांत साधारण १५ ते ७०. तरीही एक गोष्ट ऐकून बायकांनाच नव्हे, तर डॉक्टरांनाही आश्चर्य वाटते. स्त्रीच्या रक्तात आयुष्यातला बहुतेक काळ इस्ट्रोजेनपेक्षा टेस्टोस्टेरॉनच वजनाने जास्त असते. एवढेच नव्हे, तर अंडाशयात आधी या पुरुषी जातीची हॉर्मोन तयार होतात आणि मग त्यांच्यापासून इस्ट्रोजेन बनते. दुधाशिवाय दही नाही, तसा हा प्रकार. या जातीच्या हॉर्मोनना मिळून ‘ॲण्ड्रोजेन’ म्हणतात.

बाईच्या शरीरात ती येतात कोठून? थोडी अंडाशयातून. थोडी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून. आणि जवळपास निम्मे टेस्टोस्टेरॉन या दोन्हीकडून आलेल्या कच्च्या मालापासून चरबी, त्वचा वगैरे ठिकाणी तयार होते. हे तीन मार्ग लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

आणखी एक बारकावा. रक्तातले बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरत असते. ते एस.टी.त बसलेल्या प्रवाशासारखे. गाडीत आहे तोवर त्याच्या हातून काम व्हायचे नाही. खाली उतरलेले, म्हणजे मोकळे टेस्टोस्टेरॉन काम करते, आणि ते शंभरात एक-दोनच असते. आता गंमत अशी, की इस्ट्रोजेनची गोळी तोंडाने घेतली की यकृत या गाड्यांची संख्या वाढवते. जास्त प्रवासी गाडीत बसतात, मोकळे कमी उरतात. तेच इस्ट्रोजेन जेलच्या किंवा पट्टीच्या रूपाने त्वचेतून दिले, तर असा परिणाम फारसा होत नाही.

पाळी गेली म्हणजे हे हॉर्मोन गेले का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे पाळी साधारण छेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. त्या सुमारास इस्ट्रोजेन धाडकन खाली येते, म्हणून वाफा येणे, घाम फुटणे, झोपमोड, अंगाची जागा कोरडी पडणे हे त्रास होतात. टेस्टोस्टेरॉनचे तसे नाही. ते विशीनंतर हळूहळू उतरत जाते, चाळिशीच्या आसपास विशीच्या साधारण निम्म्यावर येते, आणि पाळी जाण्याच्या वर्षी त्यात वेगळी अशी मोठी घसरण होत नाही. अंडाशयातून बीज सुटायचे थांबले तरी तो पुढे कित्येक वर्षे थोडे थोडे टेस्टोस्टेरॉन देत राहतो. संसारातून निवृत्त झालेली सासूबाई अंगणात बसून शेंगा निवडत राहते, तसे त्याचे काम चालूच असते.

उलट इस्ट्रोजेन घटल्यामुळे तुलनेने ॲण्ड्रोजेनचे पारडे थोडे जड होते. पन्नाशीनंतर हनुवटीवर दोन-चार राठ केस येतात ते त्यामुळे. त्यात काही वाईट नाही. चिमट्याने काढले तरी चालतात, ठेवले तरी चालतात. मात्र केस कधी धोक्याची घंटा असतात, हे पुढे सांगतो.

ऑपरेशनने मात्र एका दिवसात निम्मे जाते

दोन्ही अंडाशय काढले की टेस्टोस्टेरॉन साधारण निम्म्यावर येते, आणि इस्ट्रोजेनचा तर मुख्य झराच बंद होतो. शरीराला सवय करून घ्यायला दहा-वीस वर्षे मिळत नाहीत, सकाळी टेबलावर घेतलेल्या बाईची संध्याकाळी रजोनिवृत्ती झालेली असते. म्हणून त्या बाईंना मी विचारलेला प्रश्न साधा नव्हता.

‘पिशवी काढली’ या आपल्या बोलण्यात दोन अगदी वेगळी ऑपरेशने एकत्र होतात. नुसते गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण अंडाशय जागेवर असल्याने हॉर्मोन चालू राहतात. काही जणींचे अंडाशय नंतर थोडे लवकर थकतात, एवढेच. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढले तर गोष्ट पूर्ण बदलते. दुर्दैवाने कितीतरी बायकांना आपले नक्की कोणते ऑपरेशन झाले हे ठाऊक नसते, आणि त्यांच्या नवऱ्यांनाही नसते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तो अनेकांना आठवत असेल. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. उचल घेतलेली, खाडा केला तर दंड, पाळीत फडावर आडोसा नाही, आणि अंगावरून पांढरे जाते म्हटले की ‘कॅन्सर होईल’ ही भीती. अशा वेळी ‘कटकट एकदाची जाऊ दे’ असे त्या बाईला वाटले, तर मी तिला दोष देणार नाही. पण चाळिशीच्या आत अंडाशयही गेले असतील, तर त्या बाईने पाळीच्या कटकटीबरोबर पुढच्या दहा-पंधरा वर्षांचे हाडांचे आणि हृदयाचे संरक्षणही दिलेले असते, आणि हे तिला कोणी सांगितलेले नसते.

अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात पिशवी काढलेल्या २९,३८० स्त्रियांची चोवीस वर्षांची माहिती २००९ साली प्रसिद्ध झाली. अंडाशय काढलेल्यांत अंडाशयाचा व स्तनाचा कर्करोग कमी आढळला हे खरे, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू अंडाशय राखलेल्यांपेक्षा जास्त होते. ज्या घराण्यात आई, बहिणी, मावश्या यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे, तिथे हिशोब वेगळा असतो आणि अंडाशय काढणे योग्यही ठरते. पण ‘पोट उघडलेच आहे तर तेही काढून टाकू’ हे कारण होऊ शकत नाही. ऑपरेशनपूर्वी सर्जनना सरळ विचारावे, “अंडाशय ठेवणार की काढणार? काढणार असाल तर का?” चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

मग औषध म्हणून टेस्टोस्टेरॉनचे काय?

कॅनडात बार्बरा शेर्विन यांनी १९८५ साली गर्भाशय व अंडाशय काढलेल्या स्त्रियांना हे हॉर्मोन देऊन पाहिले. त्यांची कामेच्छा वाढलेली आढळली. मात्र मात्रा मोठी होती, नैसर्गिक पातळीच्या वर जाणारी. पुढे अमेरिकेत त्वचेला चिकटवायची पट्टी निघाली, तिच्यातून दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम औषध मिळे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अंडाशय काढलेल्या ७५ स्त्रियांना आळीपाळीने खरी आणि खोटी पट्टी लावली. खऱ्या पट्टीचा उपयोग झाला. पण खोट्या पट्टीवरही बायकांत बरीच सुधारणा दिसली! मला ही चाचणी फार आवडते. कोणी तरी आपली विचारपूस करते आहे, दर महिन्याला बोलावून ऐकून घेते आहे, याने निम्मे औषध होते, हे आमच्यासारख्या जुन्या डॉक्टरांना वेगळे सांगावे लागत नाही.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ८१४ स्त्रिया होत्या, इस्ट्रोजेन न घेणाऱ्या. खऱ्या पट्टीवर चार आठवड्यांत समाधानकारक संबंधांची संख्या सरासरी २.१ ने वाढली, खोट्यावर ०.७ ने. म्हणजे फरक साधारण महिन्याला एक-दीडचा. वाचकांपैकी कोणी याला हसेल. पण ज्या जोडप्यात महिनोन्‌महिने काहीच नाही आणि त्याचे शल्य आहे, त्यांना हा फरक लहान नसतो. त्याचबरोबर ज्यांना तारुण्य परत येईल असे वाटते, त्यांनी हा आकडा पाहून ठेवावा. याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी चौघींना स्तनाचा कर्करोग निघाला, खोटी पट्टी लावणाऱ्यांत एकीलाही नाही. चौघींपैकी एकीला औषधापूर्वीच लक्षणे होती आणि एकीचे निदान पहिल्या चार महिन्यांतच झाले, त्यामुळे एवढ्यावरून औषधाला दोषी धरता येत नाही. निर्दोषही म्हणता येत नाही.

या पट्टीला अमेरिकेतील सल्लागार समितीने डिसेंबर २००४ मध्ये नकार दिला, कारण दीर्घकाळच्या सुरक्षिततेची माहिती अपुरी होती. युरोपने २००६ मध्ये अंडाशय काढलेल्या स्त्रियांसाठी परवानगी दिली, पण २०१२ मध्ये कंपनीने व्यापारी कारणाने ती बाजारातून काढून घेतली. ऑस्ट्रेलियात खास स्त्रियांसाठी एक टक्क्याचे क्रीम आहे, त्याला तिथल्या शासनाची मान्यता २०२० साली मिळाली.

सन २०१९ मध्ये जगातील अनेक तज्ज्ञ संघटनांनी एकत्र बसून निवेदन काढले. त्याच वर्षी ३६ चाचण्यांचा, ८,४८० स्त्रियांचा एकत्रित आढावाही प्रसिद्ध झाला. त्यांचे सार थोडक्यात असे. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये कामेच्छा कमी झाली आहे, तिला स्वतःला त्याचा मानसिक त्रास होतो आहे आणि दुसरे कारण सापडत नाही, एवढ्या एकाच कारणासाठी हे औषध द्यायला पुरावा आहे. थकवा, विसरभोळेपणा, उदासी, हाडे, वजन, ‘तरुण दिसणे’ यांसाठी पुरावा नाही. द्यायचे तर त्वचेतून, आणि रक्तातली पातळी तरुण स्त्रीच्या मर्यादेत राहील इतकेच. सहा महिन्यांत गुण आला नाही तर बंद. आणि दोन वर्षांपलीकडच्या सुरक्षिततेची खात्रीची माहिती अजून नाही.

‘तिला स्वतःला त्रास होतो आहे’ हे शब्द पुन्हा वाचावेत. नवऱ्याची तक्रार म्हणजे बायकोचा आजार नव्हे. साठीत इच्छा ओसरली आणि दोघेही त्यात सुखी असतील, तर त्यांना कोणत्याही हॉर्मोनची गरज नाही.

आपल्याकडच्या औषध दुकानांत मिळते ते पुरुषांसाठीचे टेस्टोस्टेरॉन. परदेशात अनुभवी तज्ज्ञ पुरुषांचे जेल अगदी थोड्या प्रमाणात, वारंवार रक्त तपासून स्त्रियांना देतात. माप मी इथे मुद्दाम लिहीत नाही. या सदराचे कात्रण घेऊन मेडिकलमध्ये जाणारे वाचक मला चांगले माहीत आहेत.

‘ताकदीचे इंजेक्शन’

आता जे सांगतो ते लिहायला वाईट वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. वय बावन्न, गावच्या भजनी मंडळात गाणाऱ्या. अशक्तपणासाठी कोणीतरी त्यांना ‘ताकदीची’ तीन इंजेक्शने दिली होती, महिन्याला एक. अंगात जरा तरतरी आली, म्हणून त्याही खूश होत्या. मग चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, ओठावर लव दाट झाली आणि आवाज बसला. सर्दीने बसला असेल म्हणून त्यांनी हळद-दूध घेतले, काढे घेतले. आवाज सुटला नाही. काळी चारवर गाणाऱ्या बाई, पेटीवाल्याला त्यांच्यासाठी काळी एक धरावी लागायला लागली. त्यांनी जपून ठेवलेली रिकामी खोकी मी पाहिली. पुरुषांचे, २५० मिलिग्रॅमचे टेस्टोस्टेरॉन.

हिशोब करून पाहा. त्या २५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनात प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन सुमारे १७५ मिलिग्रॅम असते. चाचण्यांतल्या पट्टीतून स्त्रीला दिवसाला मिळत होते ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे एका इंजेक्शनात पट्टीची दीड वर्षाहून अधिक काळाची मात्रा. तीन इंजेक्शने म्हणजे जवळजवळ पावणेपाच वर्षांची. पुटकुळ्या जातात, केस कमी होतात, पण स्वरतंतू एकदा जाड झाले की आवाज पूर्वीसारखा होत नाही. त्या बाई आता भजनात टाळ धरतात.

इंजेक्शने, त्वचेखाली बसवायच्या गोळ्या यांनी पातळी बेसुमार वाढते, म्हणून तज्ज्ञ त्या नको म्हणतात. तोंडाने घ्यायच्या टेस्टोस्टेरॉनने कोलेस्टेरॉल बिघडते. व्यायामशाळेतून आणलेली डीएचईए नावाची पावडर हाही याच जातीचा कच्चा माल आहे, आणि पाळी गेलेल्या बाईने ती घेऊन ठोस फायदा होतो असे दिसलेले नाही. टिबोलोन ही गोळी आपल्याकडे मिळते, तिच्यात थोडा ॲण्ड्रोजेनचा गुण आहे. पण साठीपुढच्या स्त्रियांत तिने पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी तर ती घेऊच नये.

घरात एखादा पुरुष डॉक्टरांच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनचे जेल लावत असेल तर एक काळजी घ्यावी. लावलेली जागा कपड्याने झाकावी, हात साबणाने धुवावेत, आणि त्या अंगाशी नातवंडांना झोपवू नये. जेल मुलांच्या अंगाला लागून त्यांच्यात अवेळी वयात येण्याची लक्षणे दिसली आहेत. अमेरिकेत २००९ पासून याचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापतात.

तपासणीचा कागद आणि इतर कारणे

‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये हल्ली टेस्टोस्टेरॉनही असते. बायका कागद घेऊन येतात, आकड्याशेजारी ‘लो’ छापलेले. या तपासण्यांची नेहमीची पद्धत पुरुषांच्या मोठ्या आकड्यांसाठी ठीक असते, बायकांचे छोटे आकडे तिला नीट मोजता येत नाहीत. शिवाय अमुक आकड्याखाली आजार, अशी रेघ स्त्रियांसाठी ठरलेलीच नाही. कमी आकडा असून मजेत असणाऱ्या बायका आहेत आणि चांगला आकडा असून इच्छा नसणाऱ्याही. रक्ततपासणी उपयोगी पडते ती उपचार चालू असताना पातळी जास्त होत नाही ना, हे पाहायला. किंवा पुढे सांगितलेल्या धोक्याच्या वेळी.

इच्छा का नाही, याचे उत्तर माझ्या दवाखान्यात बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉनपाशी नसते. पहिले कारण दुखणे. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनिमार्ग कोरडा व नाजूक होतो, संबंधाच्या वेळी आग होते, आणि जे दुखते ते मनाला नको वाटणारच. यावर जागेवर लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम असते, साधी वंगणाची जेली असते. दुसरे, हिमोग्लोबिन आठ असेल तर माणसाला अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. तिसरे, थायरॉईड. उदासीवरच्या काही गोळ्या इच्छा मारतात, हे त्या लिहून देणारेही सांगायला विसरतात. नवऱ्याचा जुना मधुमेह हेही एक कारण आहे. त्यांना जमत नाही म्हणून ते टाळतात किंवा चिडतात, आणि दोष बाईच्या पाळीवर जातो. दोन खोल्यांचे घर, पडद्यापलीकडे मुलगा-सून, अशा ठिकाणी जगातले कोणतेही हॉर्मोन काय करणार?

हे केस मात्र दुर्लक्षू नका

वर म्हटले होते की हनुवटीवरचे दोन-चार केस निरुपद्रवी असतात. पण पाळी गेलेल्या स्त्रीला चार-सहा महिन्यांत दाढी-मिशीसारखे केस येऊ लागले, कपाळावरचे केस पुरुषांसारखे मागे हटले, आवाज जाड झाला, योनीजवळचा दाणा मोठा झाला, तर ते वयाचे लक्षण समजू नये. अंडाशयातील किंवा अधिवृक्क ग्रंथीतील गाठ टेस्टोस्टेरॉन सोडत असू शकते. काही जाड, मधुमेही स्त्रियांत गाठ नसतानाही अंडाशय जास्त हॉर्मोन करतात, पण तेव्हा बदल हळू, वर्षानुवर्षे होतात. मुद्दा वेगाचा आहे. अशा वेळी रक्तातील टेस्टोस्टेरॉन जरूर तपासावे, आणि ते १५० ते २०० नॅनोग्रॅमच्या पुढे असेल तर सोनोग्राफी, स्कॅन करून गाठ शोधावी लागते. माझ्याकडच्या एक मावशी, वय अठ्ठावन्न, लाजून वर्षभर पदराने तोंड झाकत होत्या. लग्नात नातीने पाहिले आणि ओढून आणले. अंडाशयात लहानशी गाठ निघाली, ती काढल्यावर रक्तातला आकडा काही दिवसांत खाली आला. कर्करोग नव्हता, पण ते तपासल्याशिवाय कसे कळणार?

त्या मायलेकी

चव्वेचाळीस वर्षांच्या त्या बाईंना मी म्हटले, ऑपरेशनचे कागद शोधा. सोमवारी त्या डिस्चार्ज कार्ड घेऊन आल्या, ट्रंकेच्या तळाशी, बियाण्याच्या पावत्यांबरोबर सापडलेले. त्यावर इंग्रजीत टी.ए.एच. आणि त्यापुढे बी.एस.ओ. असे लिहिले होते. टी.ए.एच. म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढणे. बी.एस.ओ. म्हणजे दोन्ही बाजूंचे अंडाशय आणि बीजवाहिन्या काढणे. वाचकांपैकी ज्यांचे पिशवीचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी आपल्या कार्डावर ही बी, एस, ओ अक्षरे आहेत का ते आजच पाहावे. कार्ड हरवले असेल तर रुग्णालयात नोंद मिळते का पाहावे. तीही नसेल तर सोनोग्राफी आणि एफ.एस.एच. ही रक्ततपासणी यांवरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो.

अडतिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशय गेलेल्या या बाईंना सहा वर्षांत इस्ट्रोजेनचा एक थेंबही कोणी दिला नव्हता. अशा स्त्रीला, काही अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे असे आजचे शास्त्र सांगते. गर्भाशय नसल्याने त्याबरोबर दुसरे हॉर्मोन बहुधा लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांचे स्तन आणि रक्तदाब तपासून त्वचेला लावायचे इस्ट्रोजेन जेल सुरू केले, जोडीला जागेवर लावायचे क्रीम. मी कॅल्शियम सांगितले आणि हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या दिल्या, ते नऊ होते.

लेकीचा पुण्याहून फोन आला, “मग टेस्टोस्टेरॉन?” मी म्हटले, आधी या उपायांना तीन-चार महिने देऊ. दुखणे गेले, झोप लागली, रक्त वाढले आणि तरीही आईला स्वतःला त्रास वाटत असेल, तर तज्ज्ञांशी बोलू. तिच्या बाबतीत ते औषध विचारात घेण्याजोगे आहे, इंजेक्शन मात्र नाही. परवा बाई रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. वाफा थांबल्या, रात्रीची झोप लागते म्हणाल्या. बाकीचे मी विचारले नाही, मालक बरोबर होते. ते डिस्चार्ज कार्ड त्यांनी लॅमिनेट करून आणले होते. आता ते रेशनकार्डाच्या पिशवीत असते.